पाठ टेकली... आता पुढे?

कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खल्लास! जिऊ-जित्सूत मात्र पहिला धडा तिथूनच सुरू होतो. पैलवानाच्या घरातल्या एका नातवाने खाली अडकून पडल्यावर घेतलेली ही शिकवणी.

माझं वजन ८४ किलो. तिचं जेमतेम ५५. पेशाने डेंटिस्ट, बोलायला मवाळ, क्लासला येताना डब्यात सगळ्यांसाठी खजूर आणणारी. त्या संध्याकाळी ती माझ्या छातीवर बसली होती आणि मला श्वास घेता येत नव्हता.

गैरसमज नको बॉस! ठिकाण होतं बाणेरमधल्या एका बिल्डिंगचं तळघर. खाली निळ्या मॅट्स, अंगात ‘गी’ नावाचा जाड सुती डगला, माझ्या कमरेला कोरा पांढरा पट्टा आणि तिच्या कमरेला जांभळा. ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा माझा तिसरा क्लास. खालच्या माणसाच्या पोटावर, घोड्यावर मांड ठोकावी तसं बसायचं, या पोझिशनला ‘माउंट’ म्हणतात. मी तिला ढकलत होतो, पाय झाडत होतो, मासा पाण्याबाहेर तडफडतो तसा तडफडत होतो. ती नुसती बसली होती. आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात मी मॅटवर हात आपटला. याला ‘टॅप’ म्हणतात. म्हणजे ‘सोड बाई, हरलो.’

ती पटकन बाजूला झाली. “अरे, लागलं का कुठे?”

“नाही.”

“मग टॅप का केलंस? मी अजून काहीच केलं नव्हतं.”

खरंच होतं. तिने ना माझा गळा आवळला होता, ना हात पिरगळला होता. माझ्यावर फक्त वजन होतं आणि मी हार मानली होती. घरी जाताना स्कूटरवर तेच डोक्यात फिरत होतं. कारण ‘काहीच झालेलं नसताना हार मानणं’ हा माझा त्या दिवसांतला रोजचा कार्यक्रम होता.

जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली होती. सकाळी साडेनऊची व्हिडिओ मीटिंग, १५ मिनिटं, आणि ११ वर्षांच्या करिअरला ‘ऑल द बेस्ट’. तेव्हा सगळीकडेच लेऑफचा पूर आला होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणायलाही लाज वाटायची. बायकोला त्याच रात्री सांगितलं. आई-बाबांना मात्र नाही. आणि कऱ्हाडजवळच्या गावी राहणाऱ्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, तर मुळीच नाही. फोनवर रोज ‘हो, ऑफिस मस्त चाललंय’ असं सांगायचो. फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला ठरल्याप्रमाणे कापला जायचा. रात्री अडीच-तीनला जाग यायची आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. घरात येरझाऱ्या घालणारा नवरा बघून बायकोने वैतागून वाढदिवसाच्या नावाखाली या क्लासची तीन महिन्यांची फी भरून टाकली. “जा, कुठेतरी दम निघेल तुझा,” म्हणाली.

दम निघाला. पण तिने म्हटलं होतं त्या अर्थाने नाही!

आबांचा नातू

आमच्या घरात ‘खाली पडणे’ या प्रकाराला फार वाईट नाव आहे. आबा तालमीत वाढलेले. तांबडी माती, पहाटेचे जोर-बैठका, वस्तादांचा धाक, गावोगावच्या जत्रांमधल्या कुस्त्या. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे पंचक्रोशीत नाव काढलं. १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा आबा १० वर्षांचे होते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक बघायला आपण कसे वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो होतो, हे आबा आजही काल घडल्यासारखं सांगतात.

त्यांच्या तोंडचं कुस्तीचं शास्त्र एका वाक्यात बसायचं. “पाठ लागली की संपलं.” चीतपट म्हणजे चीतपट. समोरच्याने अस्मान दाखवलं की उठायचं, माती झटकायची, हात मिळवायचा आणि बाजूला व्हायचं. भाषेत बघा ना, ‘अस्मान दाखवणे’ म्हणजेच हरवणे! आभाळ दिसलं की खेळ संपला.

मी स्वतः कधी तालमीत गेलो नाही. इंजिनिअरिंग, मग हिंजवडी, मग एसी आणि वडापाव. पण हे वाक्य मात्र वारशात मिळालं. त्यामुळे क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या नवशिक्यांना पाठीवर झोपवलं आणि “इथून शिकायला सुरुवात करायची,” असं म्हटलं, तेव्हा मला मनातून जरा हसूच आलं होतं.

आभाळ बघून जिंकणारे

या खेळाचा इतिहास ऐकला आणि ते हसू जरा मावळलं. मित्सुयो माएदा नावाचा एक जपानी जुदोपटू जगभर लढती करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. बेलेम शहरात त्याची विद्या कार्लोस ग्रेसी नावाच्या तरुणापर्यंत आली. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ (जन्म १९१३, मृत्यू २००९) अंगाने अगदी किरकोळ. ताकदवान माणसाला उचलून आपटणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग आपण खाली असणार हे गृहीत धरूनच विचार करायचा, म्हणजे खाली टिकायचं कसं, सुटायचं कसं आणि तिथूनच उलट हल्ला कसा करायचा, यावर या घराण्याने भर दिला. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ जपानच्या मासाहिको किमुराशी लढला आणि हरला. किमुराने ज्या पद्धतीने त्याचा हात पिरगळला, त्या डावाला जगभरचे जिऊ-जित्सूवाले आज ‘किमुरा’च म्हणतात. ज्याने आपल्याला हरवलं त्याचंच नाव डावाला द्यायचं! मला हे फार आवडलं.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढची. डिसेंबर १९९४, अमेरिका, यूएफसीची चौथी स्पर्धा. हेलिओचा मुलगा रॉयस, वजन सुमारे ८० किलो. समोर डॅन सेव्हर्न, शंभरी पार केलेला तगडा कुस्तीगीर. सेव्हर्नने रॉयसला खाली पाडलं आणि त्याच्यावर बसून राहिला. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. रॉयस खालीच. कुस्तीच्या हिशेबाने हा निकाल पहिल्याच मिनिटाला लागला असता. पण १५ मिनिटं उलटून गेल्यावर खाली पडलेल्या रॉयसने आपल्या दोन पायांच्या कात्रीत सेव्हर्नची मान आणि एक हात धरला, आणि वर बसलेल्या माणसाने टॅप केलं.

ही लढत मी रात्री तीन वाजता, हेडफोन लावून, तीनदा बघितली.

आधी जगा, मग निघा

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवसापासून हा गडी धडाधड सुटायला लागला असेल. कसलं काय! सरांनी मला सुटायला शिकवलंच नाही. आधी नुसतं खाली राहायला शिकवलं.

घाबरलेला माणूस माउंटखाली हमखास दोन चुका करतो. एक, दोन्ही हात सरळ लांब करून वरच्याला ढकलतो. म्हणजे आपला हात आपणच ताटात वाढून देतो, समोरचा तो धरून कोपरात उलटा ताणतो. याला ‘आर्मबार’ म्हणतात. दोन, वजन सहन न होऊन पालथा पडतो. मग वरचा पाठीवर चढतो आणि मागून गळा आवळतो. मी दोन्ही चुका एकाच संध्याकाळी आलटून पालटून केल्या. सर शांतपणे म्हणाले, “तुला घाईघाईने बाहेर पडायचंय ना, म्हणून तू आणखी आत जातोयस.”

मग नियम ठरला. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. हनुवटी खाली, गळा झाकलेला. हात छातीजवळ. डोळे उघडे! (मी डोळे मिटून घेतो, हे मला माहीतच नव्हतं.) आणि श्वास. नाकाने, सावकाश, वरच्याच्या वजनाबरोबर. वजन थोडं सरकलं की जरा जास्त घ्यायचा. वरची डेंटिस्ट मॅडम रुग्णाला सांगावं तशा आवाजात म्हणायची, “काही होत नाहीये तुला. श्वास घे.”

दोन आठवडे मी फक्त एवढंच केलं. तीन मिनिटांचा राउंड, मी खाली, ती वर. सुटायचं नाही, फक्त टिकायचं. आणि गंमत म्हणजे, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला तिच्या वजनातल्या गोष्टी कळायला लागल्या. आत्ता उजव्या गुडघ्यावर भार आहे. आत्ता हात पुढे टेकवला, म्हणजे कंबर हलकी झाली. घाबरलेलो असताना ते सगळं मिळून एकच मोठं ओझं वाटत होतं. शांत पडून बघितलं तर त्याला बाजू होत्या, कोपरे होते, फटी होत्या.

कोळंबी व्हा!

या खेळातली सगळ्यात महत्त्वाची हालचाल कोणती विचाराल, तर तिचं नाव आहे ‘श्रिंप’. म्हणजे चक्क कोळंबी. पाठीवर पडायचं, एक पाय जमिनीत रोवायचा, कुशीवर वळायचं आणि कंबर मागे ढकलायची. शरीर कोळंबीसारखं वाकडं होतं आणि आपण वीतभर मागे सरकतो. प्रत्येक क्लासची सुरुवात हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळंबी होऊन. पहिल्या दिवशी माझी अवस्था उलट्या पडलेल्या झुरळासारखी होती, एवढंच सांगतो.

ही हालचाल इतकी महत्त्वाची का, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी नेहमीप्रमाणे तिला ढकलत होतो. ती म्हणाली, “तू मला हलवायला बघतोयस. मी कशाला हलू? मी आरामात आहे. तू सरक ना!”

एवढं साधं वाक्य. पण खालून सुटण्याचं अख्खं गणित त्यात आहे. वरच्याला उचलून फेकायचं नसतं. हाताच्या हाडाचा टेकू द्यायचा, ज्याला ‘फ्रेम’ म्हणतात. घराच्या बांधकामात स्लॅबखाली बल्ल्या लावतात ना, तशी. बल्ली स्लॅबला वर ढकलत नाही, फक्त खाली येऊ देत नाही. आणि ती फ्रेम तिथेच ठेवून आपण स्वतः मागे सरकायचं. जागा वरच्याकडून मिळत नाही, आपण सरकून ती करायची असते.

माउंटमधून सुटायचे दोन मूळ रस्ते आहेत. पहिला, पूल. त्याचा एक हात दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने बाहेरून अडकवायचा. आता त्या बाजूला त्याला टेकायला ना हात उरला ना पाय. टाचा ढुंगणाजवळ घेऊन कंबर जोरात वर उचलायची आणि सरळ वर नाही, तर त्या खांद्यावरून तिरकं उलटायचं. एका बाजूचे दोन्ही पाय काढून घेतलेलं टेबल कलंडतं, तसा तो कलंडतो आणि आपण वर.

दुसरा रस्ता, कोपर आणि गुडघा. कुशीवर वळायचं, त्याच्या मांडीला गुडघ्याजवळ कोपराने अडवायचं आणि आपला खालचा गुडघा जमिनीवरून सरपटत वर आणायचा. आपलं कोपर आणि आपला गुडघा एकमेकांना भेटले पाहिजेत, मध्ये त्याच्या पायाला जागा नाही! मग त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत पकडायचा. याला ‘हाफ गार्ड’ म्हणतात. अर्धी सुटका. पुन्हा कोळंबी, पुन्हा गुडघा, आणि आपले दोन्ही पाय त्याच्या आणि आपल्या मध्ये आले की ‘गार्ड’. म्हणजे आपण अजून पाठीवरच आहोत, पण आता लढत बरोबरीची आहे.

खरी मजा या दोन रस्त्यांच्या जोडीत आहे. मी पूल केला की ती पडू नये म्हणून हात टेकवते, पाय पसरते. त्याच क्षणी गुडघ्याला फट मिळते. मी गुडघा घालायला गेलो की ती ती फट बंद करायला एका बाजूला भार टाकते. आता पूल! एकच डाव घट्ट धरून बसणारा खाली कुजतो, दोन डाव आलटून पालटून करणारा सुटतो.

‘साइड कंट्रोल’ मात्र वेगळंच प्रकरण. वरचा आडवा, छातीवर छाती, खांदा आपल्या जबड्यात. इथेही तेच तत्त्व. एक हात त्याच्या मानेला आडवा, दुसरा त्याच्या कमरेपाशी, थोडा पूल करून भार उचलायचा, कोळंबी होऊन सरकायचं आणि झालेल्या फटीत गुडघा घुसवायचा. ऐकायला चार पायऱ्या. मला त्या जमायला चार महिने लागले. कारण मी तो पूर्ण बस्तान बसवून विसावल्यावर जागा व्हायचो! सर म्हणायचे, “पोचायच्या आधीच्या दोन सेकंदांत फ्रेम लाव. तेव्हा काम स्वस्तात होतं. नंतर दाम दुप्पट.”

सुटण्याला शून्य मार्क

स्पर्धेतले गुण कसे असतात, सांगतो. समोरच्याला खाली पाडलं, २ गुण. त्याचे पाय ओलांडून साइड कंट्रोल मिळवलं, ३. माउंट मिळवलं, ४. पाठ मिळवली, ४. आणि माउंटखालून जीव वाचवून गार्डमध्ये आलात तर? शून्य! भोपळा! टाळीसुद्धा नाही. पूल करून समोरच्याला उलटवलंत, तरी त्या उलटवण्याला एकही गुण नाही.

मला हे फार अन्यायाचं वाटलं होतं. मग हळूहळू पटलं. सुटका म्हणजे काही जिंकणं नव्हे. पुन्हा लढायला उभं राहण्याची ती जागा आहे, बस्स. त्या महिन्यांत माझं बाहेरही तेच चाललं होतं. गाडी विकली, हप्त्याची मुदत वाढवून घेतली, दोन फ्रीलान्स कामं घेतली. लिंक्डइनवर टाकण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण महिन्याची ५ तारीख आली की छातीवरचं वजन जरासं एका बाजूला सरकलेलं असायचं.

एक गोष्ट मात्र उरली होती. फोनवर ‘ऑफिस मस्त’ म्हणणं. सरांच्या भाषेत सांगायचं तर मी हात लांब करून सगळ्या घराला ढकलून धरलं होतं, आणि हात भरून आले होते.

जूनमध्ये एका रविवारी बाबांना फोन केला. “बाबा, माझी नोकरी गेली. जानेवारीतच.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, “जेवलास का?”

“हो.”

“हप्ता कसा भरतोस?”

सगळं सांगितलं. आकड्यांसकट. बाबा मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होते. शेवटी म्हणाले, “आबांना मी सांगू का तू सांगतोयस?” मी म्हटलं, मीच सांगतो. आणि सांगितलंही. आबा एवढंच म्हणाले, “बरं. पाऊस आलाय हिकडं.” मला वाटलं, संपलं. पाठ लागली आपली त्यांच्या नजरेत.

सप्टेंबरमध्ये नवी नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा कमी, ऑफिस जवळ. क्लास चालूच राहिला. आणि १८ महिन्यांनी, चार वेळा खांदा दुखावून आणि अगणित वेळा टॅप करून, कमरेला निळा पट्टा आला. बायको म्हणते, एवढा आनंद माझ्या चेहऱ्यावर लग्नातही नव्हता. (होता गं!)

“म्हंजे आपणच सांगायचं?”

गेल्या वर्षी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आले. ऐंशी पार केलेला माणूस, पण मनगट अजून माझ्यापेक्षा जाड. डोळ्याची पट्टी निघाली आणि काही दिवसांनी संध्याकाळी म्हणाले, “काय रं, ते तुझं काय खेळ हाय ते दाखीव की.”

मी आधी मोबाइलवर सेव्हर्न-रॉयसची लढत लावली. आबांनी फोन नाकाजवळ धरून बघितली. पहिल्या मिनिटालाच म्हणाले, “झाली की कुस्ती. वरचा जिकला.” मी म्हटलं, “बघत राहा.” पंधरा मिनिटं ते बघत राहिले. शेवटी सेव्हर्नने हात आपटला, तेव्हा फोन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत.

मग हॉलमधली टीपॉय सरकवली, सतरंजी टाकली, मी पाठीवर झोपलो. आबा शेजारी पाट ओढून बसले आणि तळहात माझ्या छातीवर ठेवून पुढे झुकले. “ऊठ बघू.”

आईशप्पथ! त्या एका तळहातात जे वजन होतं, ते आमच्या क्लासमधल्या भल्याभल्यांना जमत नाही. मी त्यांचा हात ढकलला नाही. मनगटाखाली कोपराची फ्रेम लावली, पाय रोवला, कुशीवर वळलो, सरकलो आणि गुडघा मध्ये आणला. तळहात सतरंजीवर.

“ह्ये तर आमी बी करायचो,” आबा म्हणाले. “मानंवर पूल करून, अंग चोरून. पर पाठ लागू नये म्हनून करायचो. तू लागल्यावर करतुयास.”

मग मी त्यांना पाठीवर चढलेल्या माणसाचं सांगितलं. मागून दोन्ही पाय आपल्या मांड्यांत अडकवलेले, एक हात गळ्याशी. आधी दोन्ही हातांनी त्याचा गळ्याकडे येणारा हात धरायचा, पाय-बिय नंतर. आणि मग सुटायचं कसं? स्वतःची पाठ जमिनीला लावायची! तो आपल्या आणि मॅटच्या मध्ये असतो, त्याला सरकवून आपले खांदे मॅटवर टेकवले की निम्मं काम झालं.

“पाठ लावायची?” आबा हसायला लागले. अंग हलेपर्यंत हसले. “आयला, आनि ह्यालाच सुटनं म्हंत्यात!”

जरा वेळाने शांत झाले. म्हणाले, “मग हार कवा?”

“हात आपटला की.”

“पंच न्हाई सांगत?”

“गुणांवर गेलं तर पंच सांगतात. पण लढत चालू असताना खाली पडलेल्याने हात आपटला तरच संपते.”

“म्हंजे आपणच सांगायचं?”

“हो, आबा.”

त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग जी गोष्ट घरात कुणी कधी ऐकली नव्हती, ती सांगितली. १९७१ च्या जत्रेत, शेवटची कुस्ती. त्यांच्या मते दुसरा खांदा टेकलाच नव्हता. पंचांनी निकाल दिला. लोकांनी आरोळी ठोकली. आबा उठले, हात मिळवला, घरी आले आणि लंगोट खुंटीला टांगला तो कायमचा. २९ वर्षांचे होते. “पाठ लागली म्हनले. मी बी म्हनलो, लागली आसंल.”

मला काय बोलावं कळेना. मी अजून सतरंजीवरच होतो.

“तू फोन केला व्हतास बग, नोकरीचा,” आबा म्हणाले. “मला तवा काय बोलावं सुधरना. पाऊस आलाय म्हनलो.”

“आठवतंय मला.”

त्यांनी पाट पुढे ओढला. तळहात पुन्हा माझ्या छातीवर ठेवला, या वेळी जरा वरच्या बाजूला, गळ्याजवळ, अनुभवी माणसाने ठेवावा तसा.

“आता सूट,” म्हणाले. “घाई नगं करू.”